मन्याला, बिअरच्या मशीनबद्दल

प्रिय मन्या,

घरी बिअर करायच्या चार मशीनांची तुझी यादी मिळाली. कोणतं घेऊ ते एका ओळीत सांग म्हणतोस. तर ऐक: यादीतलं दुसरं घे, पंप असलेलं, ३५ लिटरचं, आणि जे पैसे वाचतील ते फर्मेंटेशनच्या, म्हणजे बिअर आंबवण्याच्या, तापमानावर घाल. आता तू "का?" विचारणारच, तुझी खोड मला ठाऊक आहे, म्हणून पुढची पानं.

ही ऑल-इन-वन मशीनं उघडून पाहिली तर आतून सगळी सारखीच. स्टीलचं उंच पिंप, बुडाला तापवणारं एलिमेंट, मॉल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) ठेवायला जाळीच्या तळाचा डबा, तळातला वर्ट (मॉल्टचं गोड पाणी, ज्याची पुढे बिअर होते) ओढून वर सोडणारा छोटा पंप (तुझ्या यादीतल्या पहिल्यात तेवढा तो नाही) आणि तापमान धरून ठेवणारा कंट्रोलर. जर्मनीतल्या श्पायडेलचा ब्राउमाइस्टर, न्यूझीलंडचा ग्रेनफादर, ऑस्ट्रेलियातल्या केगलँडचा ब्रूझिला (आधी त्याला रोबोब्रू म्हणायचे), अमेरिकेतला अँव्हिल फाउंड्री, सगळी याच घराण्यातली. ब्राउमाइस्टरची चाल तेवढी वेगळी, त्यात वर्ट खालून वर ढकलला जातो आणि बाकीच्यांत वरून खाली झिरपतो. मॉल्टमधल्या एन्झाइम्सना यातलं काही कळत नाही. ६५ ते ६८ अंशांच्या मध्ये कुठेतरी तासभर मिळाला की ती स्टार्चची साखर करून मोकळी होतात, मग पिंप कोणाचं का असेना.

म्हणून सर्वात आधी वॅट बघ. जाहिरातीत हाच आकडा बारीक अक्षरात असतो आणि स्क्रीनचा फोटो मोठा. हिशेब सोपा आहे. तुला शेवटी २३ लिटर बिअर हवी असेल, तर उकळायला घेताना भांड्यात साधारण २८ लिटर वर्ट लागतो. तासाभराच्या उकळीत तीनेक लिटर वाफ होऊन जातं, थंड झाल्यावर आकार थोडा आटतो, आणि तळाशी गाळाबरोबर काही राहतंच. हा २८ लिटर ६६ अंशांवरून १०० वर न्यायला १५०० वॅटच्या एलिमेंटला कागदावरच ४४ मिनिटं लागतात, २४०० वॅटला २८. भांड्याच्या अंगावरून उडून जाणारी उष्णता यात धरलेलीच नाही. ती धरली की १५०० वॅटवाला सहज तास खातो, आणि एवढं करून उकळी आली तरी ती नुसती थरथरते. एक लिटर पाण्याची वाफ करायला जवळजवळ २२६० किलोज्यूल लागतात. छोट्या एलिमेंटची निम्मी ताकद भांडं गरम ठेवण्यातच जायला लागली, की वाफ करायला उरतं काय? फिक्या पिल्सनर मॉल्टच्या बिअरला तर उकळी खळखळूनच हवी, नाहीतर उकडलेल्या मक्यासारखा वास मागे राहतो. तो वास डायमिथाइल सल्फाइडचा, वाफेबरोबर निघून जाणारा. झाकण लावून उकळत ठेवायची युक्ती करू नकोस, वास परत भांड्यातच पडतो.

यादीतलं पहिलं मशीन, पंपाशिवायचं, याच कारणाने मी बाद केलं. पंप नसण्यापेक्षाही मला त्याचे वॅट खटकले.

जास्त वॅट म्हणजे जास्त करंट, हे मात्र विसरू नकोस. २४०० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर साडेदहा अँपिअर, आणि तेही दोन-तीन तास सलग. घरात जिथे ठेवणार तिथला सॉकेट, वायर आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनला दाखव, सर्किटवर अर्थ लीकेज ब्रेकर आहे का विचार. पाणी, वाफ आणि वीज एकत्र नांदवायची म्हणजे त्याशिवाय गत्यंतर नाही. एक्स्टेंशन बोर्ड वापरायचाच नाही, गुंडाळून ठेवलेली वायर तर मुळीच नाही. १२० व्होल्टच्या वायरिंगवर ही मशीनं १६०० वॅटच्या आसपासच अडकतात, म्हणून तिकडचे लोक भांड्याला इन्सुलेशनचं जॅकेट चढवतात. ते जॅकेट तूही घे, फार स्वस्तातली वस्तू आहे. आणि एक गंमत: वॅट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात. तुझ्याकडे संध्याकाळी व्होल्टेज २३० वरून २०० वर येत असेल, तर २४०० वॅटचं मशीन १८०० वर येऊन बसतं. मग माणूस मशीनला शिव्या देतो.

वॅट कमी-जास्त करता येतात का तेही बघ. ब्रूझिलाच्या ३५ लिटरच्या तिसऱ्या पिढीत ५०० आणि १९०० वॅटची दोन एलिमेंट वेगळ्या बटणांवर होती, आणि ती साधी सोय मला फार आवडते. मॅश करताना, म्हणजे मॉल्ट गरम पाण्यात भिजत असताना, फक्त ५०० चालू ठेवायचं, उकळी आणताना दोन्ही. मॅशच्या वेळी पूर्ण ताकद लावली तर बुडाशी बसलेलं पीठ करपतं आणि ती करपट चव पुढे कशानेच जात नाही. बुडाखाली झाकलेलं सपाट एलिमेंट असेल तर धुवायला सोपं, पण करपण्याची जागाही नेमकी तीच. करपलं की सेफ्टी कटआउट पडतो आणि मशीन भर उकळीत गप्प होतं. तो परत चालू करायचं बटण पुष्कळ मशीनांत बुडाखाली असतं! २५ लिटर उकळता वर्ट आत असताना बुडाखाली हात कसा घालायचा, हे ज्याने डिझाइन केलं त्याला कोणीतरी विचारायला हवं.

आता पंप. पंपाशिवाय बिअर होते, कापडी पिशवीत मॉल्ट भिजवून साध्या पातेल्यात करणारे कितीतरी आहेत आणि त्यांची बिअर उत्तम असते. तुझ्याकडे मोठं पातेलं आणि दमदार शेगडी असती तर मी तुला मशीन घेऊच नको म्हटलं असतं. पण मशीन घ्यायचंच ठरलंय तर पंपासकट घे, कारण तापमान मोजणारा सेन्सर बुडाशी असतो आणि मॉल्ट असतं वर. वर्ट फिरता नसेल तर स्क्रीनवर ६७ दिसत असताना मॉल्टच्या पोटात ६३-६४ सुद्धा असू शकतं. पंप असला तरी थोडा फरक राहतोच, म्हणून एक चांगला प्रोब थर्मामीटर जवळ ठेव आणि त्यालाच खरं मान.

पंपाचा पाइप पूर्ण उघडा सोडायचा नाही, एवढं मात्र शिकावं लागेल. डब्याच्या मधोमध एक उभी नळी असते, वर्ट जास्त झाला की तो तिच्यातून परत खाली पडतो. वरून जोरात धार सोडली की मॉल्टचा थर खाली दाबला जातो, झिरपणं बंद होतं, आणि मग सगळा वर्ट त्या नळीतूनच खाली येत राहतो. वरून पाहणाऱ्याला वाटतं काय सुंदर फिरतंय! प्रत्यक्षात मॉल्ट कोरडं तसंच बसलेलं असतं. धार एवढीच ठेव की मॉल्टवर बोटभर वर्ट उभा राहील आणि नळीत क्वचितच काही पडेल. भरड फार बारीक घेऊ नकोस. साल शाबूत राहिली पाहिजे, गाळणीचं काम तीच करते. गव्हाचं प्रमाण जास्त असेल तर मूठ-दोन मूठ भाताचं तूस मिसळ.

या मशीनांची खरी परीक्षा डबा उचलताना होते, आणि जाहिरातीत ते दृश्य नेमकं दोन सेकंदांत संपतं. ५ किलो मॉल्ट, त्याने पिऊन ठेवलेलं चार-पाच लिटर पाणी, वर डब्याचं स्वतःचं वजन. बारा किलोच्या आसपासचा ऐवज, ७५ अंशांना वाफाळलेला, सगळीकडून चिकट वर्ट गळणारा. तो हुकाने सरळ वर ओढायचा, पिंपाच्या काठाच्या वर आणायचा, थोडा फिरवायचा आणि त्याचे बारीक पाय आतल्या कड्यावर टेकवायचे. तीन पाय बसतात आणि चौथा लटकत राहतो, तेव्हा वाफेने चष्मा भरलेला असतो आणि हात हलवता येत नाही. म्हणून मशीन ओट्यावर ठेवू नकोस. गुडघ्याच्या खाली येईल असं भक्कम स्टूल बघ, म्हणजे डबा छातीच्या वर उचलावा लागणार नाही. घेण्याआधी हूक, कडं आणि डब्याचे पाय नीट बघ. स्वस्त मशीनांत काटकसर बहुधा तिथेच केलेली असते.

३५ लिटर का, तर उकळीच्या सुरुवातीला जो फेस चढतो त्याला जागा हवी. वर्ट ९८ अंशांच्या पुढे गेला की वर तपकिरी साय धरते, ती फुटते, आणि बघता बघता सगळं वर येतं. हॉप्सच्या (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांच्या) गोळ्या टाकल्या की पुन्हा तेच. २८ लिटरला ३० लिटरचं भांडं घेतलंस तर उतू गेलेला वर्ट पुसत बसशील. उलट तू एका वेळी दहाच लिटर करणार असशील तर हे पिंप मोठं पडेल. मोठ्या डब्यात दोन किलो मॉल्टचा थर पातळ बसतो आणि तळाखाली वाया जाणारा वर्ट तेवढाच राहतो. तसं असेल तर १८-२० लिटरचं धाकटं मॉडेल बघ.

ॲप, वाय-फाय वगैरेवर पैसे घालू नकोस. त्यातली एकच सोय मला कामाची वाटते, ती म्हणजे ठरावीक वेळी आपोआप सुरू होणं. रात्री पाणी भरून झोपायचं, सकाळी ते तापलेलं. ती मात्र फुकट मिळाली तर घे.

उकळलेला वर्ट थंड करायची कॉइल, म्हणजे आतून नळाचं पाणी सोडायची वेटोळी नळी, बहुतेकांबरोबर येते. स्टीलची असली तरी चालेल, तांब्याची जास्त भराभर थंड करते. पण नळाच्या पाण्यापेक्षा वर्ट कधीच थंड होणार नाही, हे गणित कोणतीच कॉइल बदलू शकत नाही. नळाचं पाणी कोमट असेल तर तीसच्या आसपास आणून थांब, झाकण लाव, आणि उरलेलं थंड करायला फ्रिज वापर. यीस्ट त्यानंतर टाक.

आणि इथेच माझा मुद्दा येतो. यादीतलं चौथं, सर्वात महाग मशीन आणि दुसरं, यांच्या बिअरमध्ये डोळे बांधून फरक सांगता येईल असं मला वाटत नाही. २० अंशांवर आंबवलेली बिअर आणि २९ वर आंबवलेली बिअर यांतला फरक मात्र बिअर न पिणारासुद्धा सांगेल. यीस्ट काम करायला लागलं की स्वतःच उष्णता सोडतं, पहिल्या दोन-तीन दिवसांत फर्मेंटरच्या (बिअर आंबते त्या भांड्याच्या) आत खोलीपेक्षा काही अंश जास्त असतात. तापमान चढलं की यीस्ट जड अल्कोहोलं करतं, तिखट, थिनरसारखी चव येते. तेव्हा एक जुना फ्रिज शोध, त्यात फर्मेंटर मावतो का मोजून घे, आणि एक दुहेरी तापमान कंट्रोलर लाव. इंकबर्डचा आयटीसी-३०८ बरेच लोक वापरतात. त्याला दोन सॉकेट असतात, एक थंड करायला आणि एक गरम करायला. सेन्सर हवेत लोंबता ठेवू नकोस. फर्मेंटरच्या अंगाला टेपने चिकटव आणि वर फोमचा तुकडा लाव, म्हणजे तो हवेचं नाही, बिअरचं तापमान वाचेल. साध्या एलच्या (खोलीच्या आसपासच्या तापमानाला आंबणाऱ्या बिअरच्या) यीस्टला १८ ते २० अंश धरून ठेव. लागर, म्हणजे त्याहून थंडीत आंबणारी बिअर, आत्ता नको.

धुण्याबद्दल तू विचारलं नाहीस, म्हणजे त्याचा विचारही केला नसशील. काम संपल्या संपल्या चोथा काढ, अल्कलीचं क्लीनर घातलेलं कोमट पाणी पंपातून पंधरा-वीस मिनिटं फिरव, मग साधं पाणी. पंपाचं तोंड उघडून आत अडकलेली सालं काढ. यादीतलं तिसरं मशीन मी त्यासाठीच नको म्हणतोय, त्याचा पंप उघडायला सगळं पिंप उलटं करावं लागतं.

वाफ बाहेर जायला खिडकी आहे ना तिथे? तासाला तीन लिटर पाणी हवेत जाणार आहे, भिंतीचा रंग आणि वहिनी दोघांनाही आधी विचार.

पैसे भरण्याआधी दोन फोटो पाठव: मशीनच्या बुडाचा, आणि तू जिथे ते लावणार आहेस त्या सॉकेटचा. पहिल्या घाण्याला मी येतो. डबा उचलायला दोघं असलेले बरे.

तुझा,
बंड्या