अपडेट बंद करून दिलेला कॉम्प्युटर : वजनकाटा सॉफ्टवेअर कंपनीला तक्रार पत्र

दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सपोर्ट संपलेल्या विंडोजवरच तुमचं सॉफ्टवेअर चालवायला लावल्याबाबत, आणि अपडेट आम्हाला न विचारता बंद केल्याबाबत.

महोदय,

लातूर-औसा रस्त्यावर माझा ६० टनी वजनकाटा आहे. २०१३ पासून त्यावर तुमचं सॉफ्टवेअर आणि तुमचंच डोंगल (कॉम्प्युटरला लावायची लायसन्सची किल्ली, ती ओळखली नाही तर सॉफ्टवेअर चालत नाही) आहे. एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, ९,००० रुपये अधिक जीएसटी, असे १०,६२० रुपये यंदाही ऑगस्टमध्येच भरलेत. तक्रार वजनाची नाही हे आधीच सांगून ठेवतो, कारण तुमच्या ऑफिसला फोन लावला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "वजन बरोबर येतंय ना?" वजन काट्याखालचे लोडसेल आणि आकडा दाखवणारा इंडिकेटर देतात. त्यावर वैधमापनशास्त्र विभागाचं सील आहे आणि ते बरोबरच येतं. माझं भांडण त्या वजनाची पावती ज्या कॉम्प्युटरवर निघते त्याच्याशी आहे, आणि तो कॉम्प्युटर तुम्हीच दिलेला आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये तुमचा माणूस आला होता. तेव्हा काट्यावर विंडोज ७ होतं. त्याचा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षेचे अपडेट मिळणं, १४ जानेवारी २०२० ला संपलाय, आता बदलायलाच पाहिजे, असं त्यानेच सांगितलं, आणि ते खरंही होतं. "अपग्रेड पॅकेज" म्हणून ३२,००० रुपये घेऊन तुम्ही विंडोज १० टाकलेला कॉम्प्युटर बसवला. बिलावर तसं स्पष्ट छापलंय. "आता दहा वर्षं इकडं बघायचं काम नाही," हे मात्र बिलावर नाही, ते तोंडी होतं.

त्या फेब्रुवारीत विंडोज ११ बाजारात येऊन चार महिने झाले होते. विंडोज १० कधी बंद होणार, म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५, ही तारीख मायक्रोसॉफ्टने केव्हाच जाहीर केलेली होती. आमच्यासारख्याला ती माहीत नसेल, पण सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला नसेल हे मला पटत नाही. शिवाय तुम्ही बसवलं ते ३२ बिटचं विंडोज १०. त्यामागचं कारण मला आत्ता कळलं. तुमच्या डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला डोंगल ओळखायला लावणारा प्रोग्रॅम, ३२ बिटचा आहे. ६४ बिटच्या विंडोजवर असला ड्रायव्हर लोडच होत नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. पुढं जायला वाट नाही हे ठाऊक असताना त्याच रस्त्यावरची शेवटची गाडी तुम्ही मला "अपग्रेड" म्हणून विकलीत.

आता यंदाच्या हंगामाचं सांगतो. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत आमच्या भागातलं सोयाबीन किती हाती लागलं ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल. जे वाचलं त्याच्या राशी ऑक्टोबरात सुरू झाल्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या काट्यावर रांगेला लागल्या. त्याच आठवड्यात लाइट कमी-जास्त होऊन कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतला वीज देणारा डबा) उडाला. त्याचा दोष तुम्हाला देत नाही. दुपारी लातूरहून नवा कॉम्प्युटर आणला. हल्ली नवा घेतला की विंडोज ११ च येतं. इंडिकेटरची नऊ पिनांची केबल लावायला मागे जागा नव्हती, कन्व्हर्टरने ते काम लगेच भागलं. तुमचं सॉफ्टवेअरही टाकून झालं. मग डोंगल लावलं आणि स्क्रीनवर आलं, "डोंगल नॉट फाउंड". काढून लावलं, दुसऱ्या पोर्टला लावलं, तरी तेच.

तुमच्या इंजिनिअरने एनीडेस्कवरून, म्हणजे लांबून नेटवर, स्क्रीन घेतली, पाहिलं आणि म्हणाला, "दादा, ह्याच्यावर नाही चालत. ह्या नव्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ टाकून घ्या." नव्या मशीनवर विंडोज ७ टाकून बघा कधीतरी. त्यात यूएसबी ३ चे ड्रायव्हरच नसतात, त्यामुळे टाकायला बसलं की पहिल्याच पानावर माऊस हलत नाही आणि कीबोर्ड दाबला जात नाही. तेवढं कसंबसं जमवलं तरी पुढचं काय? ज्याचा सपोर्ट संपला म्हणून २०२२ ला तुम्ही माझ्याकडून ३२,००० घेतले, तेच विंडोज ७ आता २०२५ मध्ये तुम्ही मला टाकायला सांगताय.

जुन्या कॉम्प्युटरला दुसरा एसएमपीएस बसेपर्यंत पावत्या हाताने लिहिल्या. किल्लारीच्या एका शेतकऱ्याची ट्रॉली होती, माल ओला, तो बिचारा आधीच घायकुतीला आलेला. प्लांटवाल्याने हातची पावती घेतली नाही. त्याला दुसऱ्या काट्यावर परत पैसे मोजून वजन करावं लागलं आणि दोन्हींत २० किलोचा फरक निघाला. एवढ्या मोठ्या काट्यांवर एक-दोन टप्पे मागंपुढं होतात हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पण २० किलो म्हणजे क्विंटलला ५,३२८ च्या हमीभावाने १,०६५ रुपये (मोंढ्यात यंदा हमीभाव कुणाच्या पदरात पडतोय ते सोडा). त्याने मला शिवी दिली नाही, पण छापील पावती असती तर हा विषयच निघाला नसता.

इथपर्यंतची गोष्ट मी कदाचित लिहिली नसती. पत्र लिहायला लावलं ते पुढच्या गोष्टीने.

माझा पुतण्या नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीला आला तेव्हा त्याला म्हटलं, विंडोज १० बंद झालं म्हणतात, आपल्या काट्यावरचं काय ते बघ. त्याने सेटिंगमध्ये जाऊन अपडेट हिस्टरी उघडली. शेवटची नोंद फेब्रुवारी २०२२ ची. त्यानंतर पान कोरं. मग सर्व्हिसेस उघडल्या, तर विंडोज अपडेटच्या पुढं "डिसेबल्ड". विंडोजची आवृत्ती निघाली २१एच२. ह्या आवृत्तीला सुरक्षेचे अपडेट मिळणं १३ जून २०२३ लाच बंद झालेलं आहे. म्हणजे ज्या १४ ऑक्टोबरची एवढी चर्चा झाली ती माझ्यासाठी नव्हतीच. माझा काटा त्याच्या सव्वादोन वर्षं आधीपासून उघडा पडलाय, आणि त्याच्याही आधी जे अपडेट मिळत होते तेसुद्धा मशीनपर्यंत पोचू दिलेले नाहीत.

तुमच्या इंजिनिअरला विचारलं तर तो सरळ म्हणाला, "ते आम्ही सगळीकडेच बंद करतो. अपडेट आलं की कधीकधी डोंगल ओळखत नाही." पोरगा खरं बोलला, त्याच्यावर माझा राग नाही. राग ह्याचा आहे की हे करताना मला विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. आणि ह्याच काळात देखभालीचे पैसे मात्र दरवर्षी घेतलेत. अपडेट बंद ठेवणं ही कसली देखभाल?

"खेड्यातल्या काट्याला कोण हॅक करतंय" हे वाक्यही मला तुमच्या ऑफिसातून ऐकायला मिळालं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा त्यानेही कुणाचा पत्ता विचारला नव्हता. एका मशीनमध्ये शिरला की नेटवर्कवरच्या बाकीच्यांत आपोआप पसरत होता, कुणी काही क्लिक करायची गरज नव्हती. इंग्लंडमधल्या कित्येक सरकारी दवाखान्यांचं कामकाज त्याने विस्कळीत केलं. त्यातलं तुमच्यासाठी महत्त्वाचं एवढंच : तो ज्या भोकातून शिरत होता ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलेलं होतं. दोन महिने हातात होते. ज्या मशीनवर ते घातलं गेलं नाही त्या सापडल्या, आणि त्यात बहुतेक विंडोज ७ च्या होत्या. त्याहून जुन्या विंडोज एक्सपीचा सपोर्ट तर २०१४ लाच संपला होता, तरी प्रकरण इतकं हाताबाहेर गेलं की मायक्रोसॉफ्टला त्याच्यासाठीसुद्धा खास अपडेट काढावं लागलं. तेव्हा "काही होत नाही, चालू द्या" हे तुमचं उत्तर मला पुरत नाही. माझ्या कॉम्प्युटरमध्ये बारा वर्षांची वजनं आहेत, गाड्यांचे नंबर आहेत, शेतकऱ्यांची नावं आणि मोबाइल नंबर आहेत.

तोवर माझ्या हातात जे आहे ते मी केलंय. काट्याच्या कॉम्प्युटरची नेटची वायर काढून टाकली. पावतीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर मोबाइलवरून पाठवतो. ड्रायव्हर लोक गाण्यांचे पेन ड्राइव्ह घेऊन केबिनमध्ये येतात, त्यांना बंदी केली. रोज रात्री डेटाची कॉपी निघते, ती घरी नेतो. ह्या सगळ्यात तुमची मोबाइलवर वजन दाखवायची आणि एसएमएसची सोय बंद पडली, जिचे पैसे एएमसीत धरलेले आहेत.

अपडेट मी स्वतः चालू का करत नाही, असं तुम्ही विचाराल. तुमचा माणूसच म्हणतो की अपडेट आलं की डोंगल रुसतं. हंगामात काटा बंद पडला तर ट्रॉल्या पुढच्या काट्यावर जातात आणि परत येत नाहीत. त्यामुळे हे काम तुम्ही इथे येऊन, तुमच्या जबाबदारीवर करायचं आहे.

तुम्ही सुचवलेलं क्लाउड पॅकेजही पाहिलं. दरवर्षी भाडं, नेट गेलं की पावती बंद, आणि जुना डेटा त्यात आणायचा "वेगळा चार्ज". जुन्या डेटाचं तर वेगळंच दुखणं आहे. तुमच्या सॉफ्टवेअरने नावं आणि गावं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी वाचता येईल अशा पद्धतीत, ठेवलेलीच नाहीत, जुन्या मराठी फॉन्टमध्ये ठेवली आहेत. एक्सेलला काढलं की आकडे नीट येतात, पण लामजना कुठं आणि किल्लारी कुठं काही ओळखू येत नाही, नुसती टोप्या घातलेली परदेशी अक्षरं. म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे जायचं म्हटलं तरी माझ्याच ग्राहकांची नावं मला नेता येत नाहीत. डोंगलने एक पाय बांधला, फॉन्टने दुसरा.

तरी माझं मागणं साधं आहे. डोंगलचा ६४ बिटवर चालणारा ड्रायव्हर द्या. तो करायचा नसेल तर डोंगलशिवाय चालणारी आवृत्ती द्या, कारण सॉफ्टवेअरचे पैसे मी कायमच्या लायसन्ससाठी भरलेत. हे व्हायला वेळ लागणार असेल तर तोपर्यंत सध्याचं विंडोज १० तुमच्या माणसाने २२एच२ वर न्यावं आणि मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेत नोंदवावं. ती योजना घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे आणि त्यासाठी २२एच२ च लागतं. माझ्या काट्याला ती लागू होते की व्यवसायासाठीची वेगळी घ्यावी लागते हे तुम्ही बघा, खर्च काय येईल तो तुमचा. २०१३ पासूनचा सगळा डेटा युनिकोडमध्ये, वाचता येईल असा, फुकट द्या. आणि बंद पडलेल्या सोयींपुरते एएमसीचे पैसे परत करा.

ह्यातलं काहीच करायचं नसेल तर निदान एक कागद द्या. कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी लिहा की "अपडेट बंद ठेवून सपोर्ट संपलेल्या विंडोजवर आमचं सॉफ्टवेअर वापरणं सुरक्षित आहे, डेटा गेल्यास जबाबदारी आमची." फोनवर हे तुम्ही बिनदिक्कत सांगता, मग कागदावर लिहायला हरकत नसावी.

१५ डिसेंबरपर्यंत लेखी उत्तर अपेक्षित आहे. त्यानंतर येळवस (शेतातली वेळ अमावस्या) आणि मग तुरीच्या राशी, तेव्हा मला ह्यासाठी वेळ मिळणार नाही. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवीन आणि पुढे लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. "काटा हा धंदा आहे, तुम्ही ग्राहकच नाही" असं तुमचे वकील म्हणतील, म्हणून आधीच लिहितो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(७) मध्ये, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू "व्यावसायिक कारणासाठी" धरली जात नाही, असा खुलासा आहे. माझा काटा मी आणि माझी बायको, दोघंच चालवतो.

सोबत २०२२ चं बिल, यंदाची एएमसीची पावती आणि अपडेट हिस्टरीच्या स्क्रीनचा फोटो जोडला आहे.

आपला ग्राहक,
वजनकाटा चालक,
ता. औसा, जि. लातूर

ता. क. माणूस पाठवाल तेव्हा सकाळी अकराच्या आधी पाठवा, नंतर गाड्यांची गर्दी असते. नवा कॉम्प्युटर खोक्यातच ठेवलाय. ६४ बिटचा ड्रायव्हर घेऊनच यावं. नुसतं बघून जायला येणार असाल तर येऊ नये.