मित्रास पत्र: डागाखालचा शब्द

प्रिय अविनाश,

शिपायाच्या जळक्या सेवापत्रकातलं अक्षर लावताना "चार ओळींसाठी अख्खा रविवार गेला" म्हणतोस! अरे, माझे एका शब्दापायी तीन दिवस गेले आणि तेवढ्या वेळात मी एक जिवंत माणूस मारून ठेवला.

पहिल्या महायुद्धातल्या एका ब्रिटिश पलटणीची १९१६ची युद्धदैनंदिनी वाचत होतो. ती कॉपिंग पेन्सिल तुला माहीत आहेच. कोरडी असताना करडी उमटते आणि पाणी लागलं की जांभळी होऊन पसरते. एका अधिकाऱ्याच्या नावापुढे 'वुंडेड' स्वच्छ वाचता येत होतं. त्यापुढे 'डी'नं सुरू होणारा छोटा शब्द आणि मग डाग. जखमी झाला, मग काय झालं असणार? मी 'डाइड' वाचून मोकळा झालो. पुढच्या पानावर पाहतो तर स्वारी रजेवर निघालेली!

मग भिंग घेऊन परत मागे आलो. खालच्या ओळीत घुसलेली शेपटी मी तिथल्या अक्षराची समजलो होतो, ती 'वाय'ची निघाली. शब्दाआधीचा बारीक 'ॲट' तर मी डागातच जमा केला होता. 'वुंडेड, ॲट ड्यूटी', म्हणजे जखम होऊनही कामावरच राहिलेला. (त्याआधी 'ओ. आर.' नावाचा कोणी बिचारा रोज कसा मरतो, हेही कोडं पडलं होतं. ते 'अदर रँक्स', म्हणजे अधिकारी नसलेले सगळे. अधिकाऱ्यांची नावं लिहीत, यांचे बहुधा नुसते आकडे.)

तेव्हापासून अर्थाच्या मागे धावत नाही. मोडी वाचणारे करतात तेच करतो. महिना, गावाचं नाव असे खात्रीचे शब्द आधी धरायचे आणि त्यांतून त्या एका माणसाची मुळाक्षरं कागदावर उतरवून घ्यायची. अक्षर कितीही गिचमीड असो, माणूस आपली खोड सोडत नाही. मात्र लिहिणारा बदलला की तक्ता नवा. आणि गावांच्या नावांवरही फार विसंबू नकोस. बेल्जियममधल्या ईप्रला ब्रिटिश शिपाई 'वायपर्स' म्हणत.

तुझं काम माझ्यापेक्षा कठीण, कबूल. सप्टेंबर १९४०च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमधल्या युद्धखात्याच्या कागदपत्रांच्या कोठाराला आग लागली आणि पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या सेवापत्रकांपैकी सुमारे ६० टक्के गेली. उरलेल्यांना आधी आगीची झळ, वर विझवण्याचं पाणी. कडेचे शब्द जळालेच असतील तर ते रिकामेच सोड, मनानं भरू नकोस.

पण तुझं ते 'जी. एस. डब्ल्यू. हेड' एकदा परत बघ. जी. एस. डब्ल्यू. म्हणजे गोळीची जखम, ते बरोबर. पण डोक्यात गोळी लागलेला माणूस आठ दिवसांत पलटणीत परत? मला 'हील', म्हणजे टाच असल्याचा संशय आहे. आता हीसुद्धा अर्थावरूनच मारलेली उडी, तेव्हा माझं ऐकू नकोस. शेवटच्या अक्षराला पोट आहे का ते बघ. असेल तर 'डी', नुसती उभी रेघ असेल तर 'एल'. त्याच हातचे दोन्ही नमुने मिळतील तेवढे काढ आणि मागच्या-पुढच्या पानांसकट मला पाठव.

तुझा,
मकरंद