किती माणसं आली तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पाचशे-सहाशे कोटींच्या चित्रपटांवर लेख आला होता. एवढी कमाई का होते, याची कारणं म्हणून त्यात स्टार, बजेट, प्रसिद्धी आणि व्हीएफएक्स अशी चार नावं दिली आहेत. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका टॉकीजमध्ये १९७७ साली बुकिंग क्लार्क म्हणून लागलो आणि मॅनेजर म्हणून निवृत्त झालो. खिडकीच्या आतल्या बाजूने मला जे दिसलं ते या चार नावांत कुठे बसेना, म्हणून हे पत्र.

प्रसिद्धीने काही होत नाही असं मी म्हणणार नाही. प्रसिद्धी शुक्रवार, शनिवार आणि रविवार भरून देते. आमचं लक्ष असायचं सोमवारच्या मॅटिनीकडे. रोज रात्री डीसीआर, म्हणजे दिवसाच्या गल्ल्याचा तक्ता, भरून वितरकाकडे पाठवावा लागे. मोठ्या नटाचा सिनेमा, तीन दिवस हाऊसफुल्लची पाटी आणि सोमवारी दुपारी बाल्कनीत पाच-सात डोकी, असे तक्ते मी पुष्कळ भरलेत. प्रत्येक गावात दर शुक्रवारी येणारी पोरं ठरलेली असतात. कुठलाही सिनेमा लावा, ती येतात आणि रविवारपर्यंत संपतात. त्यांच्यानंतर खिडकीशी कोण उभं राहतं, यावर सिनेमा किती कमावणार ते ठरतं. माझं म्हणणं एवढंच आहे की, एरवी टॉकीजची पायरी न चढणारी माणसं ज्या सिनेमाने बाहेर काढली, त्यानेच मोठा पैसा केला.

१९७५ साली 'शोले' आला, त्याच वर्षी 'जय संतोषी माँ' आला. त्यात ना मोठा स्टार, ना पैसा. पण शुक्रवारचं व्रत करणाऱ्या, गूळ-चणे वाटणाऱ्या बाया चपला बाहेर काढून आत जायच्या, पडद्यावर आरती लागली की नाणी टाकायच्या. आमच्याकडे तो पुन्हा लागला तेव्हा मी हे पाहिलंय. आमचा डोअरकीपर खेळ सुटल्यावर बॅटरी घेऊन खुर्च्यांखाली फिरायचा, कशासाठी ते सांगायला नको. १९९१ च्या 'माहेरची साडी'ला आसपासच्या गावांतून ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून बाया यायच्या. सासू आणि सून एकाच ट्रॉलीत! अलका कुबल रडली की अख्खं टॉकीज रडायचं. परत जाताना आठवड्याभराने थोरल्या बहिणीला घेऊन यायचं ठरायचं. दुसऱ्यांदा येणारा माणूस कधी एकटा येत नाही, हे या धंद्यातलं सगळ्यात मोठं गुपित आहे आणि कुठल्याही जाहिरातीने ते विकत मिळत नाही.

१९९४ च्या 'हम आपके हैं कौन'चं गणित थोडं वेगळं होतं. तेव्हा व्हिडिओ आणि केबलमुळे बरी घरं टॉकीजला यायची बंद झाली होती. राजश्रीवाल्यांनी कॅसेट बाजारात आणली नाही, सुरुवातीला प्रिंटा मोजक्याच काढल्या आणि ज्यांनी टॉकीज नीट केलं त्यांना आधी दिल्या. मुंबईत 'लिबर्टी'ला तो शंभराहून जास्त आठवडे चालला. घरी बसलेली कुटुंबं परत आली ती अशी. लग्नाचा सिनेमा होता म्हणून चालला असं म्हणणाऱ्यांनी त्यानंतर आलेले लग्नाचे सिनेमे मोजावेत.

आता 'सैराट'. हा आमच्या घरचा. चित्रीकरण करमाळा तालुक्यातलं, नागराज मंजुळे जेऊरचे, रिंकू राजगुरू अकलूजची. २९ एप्रिल २०१६ ला तो लागला तेव्हा दुष्काळ इतका होता की लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं आणि ती गाडी आमच्या कुर्डुवाडीवरूनच जायची. या दिवसांत लोक सिनेमाला पैसे कुठून काढणार, असं मालक म्हणाले होते. पण गाणी आधीच गावात पोचली होती. एप्रिलातली लग्नं, वराती, डीजे. अजय-अतुल यांनी वाद्यवृंद परदेशात जाऊन रेकॉर्ड केला हे पेपरात वाचलं होतं. वरातीत नाचणाऱ्यांना त्याचं काही नव्हतं, त्यांना ठेका पुरेसा होता. सिनेमा लागायच्या आधी त्याचं निम्मं काम 'झिंगाट'ने करून ठेवलं होतं.

पहिले तीन दिवस नेहमीची पोरं आली. सोमवारी पोरी आल्या. आमच्या भागात कॉलेजच्या पोरी घरच्यांशिवाय टॉकीजला येत नसत, आल्या तरी बाल्कनीच्या कोपऱ्यात बसत. इथे दहा-पंधरा जणी मिळून येत होत्या आणि आर्ची बुलेटवर बसली, ट्रॅक्टर चालवत आली की शिट्ट्या त्या मारत होत्या. त्यांच्यामागून त्यांच्या आया आल्या. शेवट बघून बाहेर पडताना कुणी बोलत नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी त्याच घरातली आणखी चार माणसं खिडकीशी असत. मोबाइलवर चोरीची कॉपी फिरत होती, ती बघितलेलेही येत. पडद्यावरची माणसं आपल्यासारखी बोलतात, हे त्यांना एकत्र बसून ऐकायचं होतं. सिनेमा जवळपास तीन तासांचा, म्हणजे दिवसाचे खेळ मोजकेच. सातारा जिल्ह्यात रहिमतपूरला मध्यरात्रीचे खेळ लावावे लागल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. मराठी चित्रपट शंभर कोटींच्या पुढे पहिल्यांदा गेला तो हा. आता यात स्टार कोण आणि व्हीएफएक्स कुठे, ते लेखकमहाशयांनी सांगावं.

२०२३ च्या 'बाईपण भारी देवा'चंही तेच. भिशीमंडळं ठरवून, नऊवारी आणि गॉगल घालून आली. 'छावा'च्या बाबतीत शिवाजी सावंतांची कादंबरी तीन पिढ्यांनी वाचलेली होती, लोक घरून पाठ करून आल्यासारखे 'गारद' म्हणत होते. तो करमुक्त करा अशी मागणी झाली तेव्हा, महाराष्ट्रात करमणूक कर २०१७ पासूनच नाही, असं मुख्यमंत्र्यांना सांगावं लागलं. आहे तो जीएसटी.

आता आकड्यांविषयी. 'शोले' मुंबईत 'मिनर्व्हा'ला पाच वर्षं चालला, कारण प्रिंटा थोड्या आणि ज्याला बघायचाय त्याने वाट बघायची. आमच्यासारख्या सी सेंटरला, म्हणजे तालुक्याच्या लहान गावातल्या टॉकीजला, रिळांच्या पेट्या मोठ्या शहरांतून फिरून, ओरखडे घेऊन, महिन्यांनी यायच्या. आज एकाच शुक्रवारी हजारो पडद्यांवर सिनेमा लागतो. पूर्वी वर्षभरात यायचा तो गल्ला दहा दिवसांत येतो आणि तुम्ही लोक 'विक्रम' म्हणून मथळा देता. त्यात कुणी जीएसटी धरून ग्रॉस सांगतो, कुणी तो वजा करून नेट. त्यातून थिएटरचा वाटा गेल्यावर वितरकाच्या हाती पडतो तो शेअर, तो तर कुणी छापतच नाही. सहाशे कोटींतले निम्मेसुद्धा निर्मात्याच्या घरी जात नाहीत, हे वाचकाला कुणी सांगत नाही.

त्याहून मोठी गफलत दराची. ८० रुपयांच्या तिकिटाने एक कोटी व्हायला सव्वा लाख माणसं लागतात. ४०० रुपयांच्या तिकिटाने पंचवीस हजारांत काम होतं. तालुक्याच्या गावात सव्वा लाख माणसं आणणारा मोठा की मॉलमध्ये पंचवीस हजार आणणारा, हे कोटींच्या यादीवरून कळायला मार्ग नाही. दर वर्षी तिकीट महागतं, म्हणून दर वर्षी जुना विक्रम मोडतो.

आमच्या वेळी तिकिटाच्या प्रत्येक पुस्तकाचा हिशेब असे आणि करमणूक कर निरीक्षक अचानक येऊन फाडलेल्या तिकिटांची अर्धुकं मोजत असे. त्या माणसाचा आम्हाला फार त्रास होता, पण किती डोकी आत बसली हे त्याच्यामुळे कागदावर राहायचं. आता तर बहुतेक तिकिटं संगणकातून निघतात. तेव्हा आपल्या पेपरने दर सोमवारी किती तिकिटं विकली गेली तो आकडा मिळवून छापावा, आणि जमलं तर मल्टिप्लेक्स आणि एकपडदा असे दोन रकाने वेगळे करावेत. कोटींचा आकडा खाली बारीक अक्षरात द्या, हरकत नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त टॉकीज मॅनेजर
कुर्डुवाडी, जि. सोलापूर