लेकीसाठी पाळणाघर बघताना

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. लेक आठ महिन्यांची होतेय, तुम्हा दोघांनाही कामावर रुजू व्हायचंय, आणि तू विचारतोस, जिथं जास्त शिकवतात ते पाळणाघर बरं का? इतकी वर्षं तान्ह्या बाळांच्या खोलीत काम करतेय, म्हणून स्पष्टच सांगते. भिंतीवरची मुळाक्षरं आणि चित्रांची कार्डं बघून भुलू नकोस. तिचा डायपर कोण बदलणार, ते विचार. रोजची ठरलेली एकच ताई, की जी मोकळी असेल ती?

आमच्याकडची एक ताई बाळाला उचलण्याआधी त्याच्यासमोर बसते, "आता घेऊ का तुला?" म्हणत दोन्ही हात पुढे करते आणि थांबते. बाळ तिच्याकडे बघतं, अंग जरा आवरून घेतं, काही दिवसांनी तर स्वतःच हात उचलतं. मगच ती त्याला घेते. डायपर बदलताना बोलणं चालूच असतं, आणि बाळाने हुंकार दिला की ही गप्प राहून ऐकते. या वयातलं शिकणं ते हेच, मित्रा! एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४६ साली बुडापेस्टमध्ये अनाथ बाळांसाठी संगोपनगृह सुरू केलं, तेव्हा त्यांचा सगळा भर यावरच होता: न्हाऊ-माखू घालणं, भरवणं, कपडे बदलणं यांत घाई नको, आणि बाळाला ओळखीचा हात हवा.

समोरच्या माणसाचा प्रतिसाद बाळाला किती लागतो, हे एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात दाखवलं. खेळता खेळता आईने चेहरा निर्विकार केला की बाळ आधी हसून, आवाज काढून तिला परत बोलवायला बघतं; मग तोंड फिरवतं, रडू लागतं. म्हणून एका ताईकडे किती बाळं आहेत, हे नक्की विचार. वर्षाच्या आतली तीन, फार तर चार. त्याहून जास्त असली तर कितीही मायाळू बाई असो, पुरी पडत नाही.

झोपेच्या बाबतीत मात्र तडजोड नको. बाळ पाठीवरच झोपवलेलं हवं, गादी सपाट आणि घट्ट, उशी-दुलई-खेळणी काही नको. जागेपणी जमिनीवर मोकळं हवं. एका जागी बांधून सलग तासापेक्षा जास्त ठेवू नये आणि वर्षाच्या आत स्क्रीन अजिबात नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली सांगितलंय.

ती रडेल, हे आत्ताच मनाशी धर. आठव्या महिन्याच्या सुमाराला परकं माणूस कळायला लागतं, आणि तुम्ही नजरेआड झालात तरी कुठेतरी आहात हेही उमगू लागलेलं असतं. पहिले काही दिवस तिथं तिच्याजवळ बसा, मग थोडा थोडा वेळ बाहेर जा. पण तिचं लक्ष नसताना सटकू नका, ते मला अजिबात पटत नाही. सांगून, हात हलवून निघा. ती रडली तरी चालेल, ताई जवळ घेईल. वहिनींनाही हे वाचून दाखव.

पाळणाघर बघायला ऐन भरवायच्या वेळी जा. दोन बाळं एकदम रडायला लागली की कोण काय करतं ते बघ आणि मला सविस्तर लिही. मग ठरवू.

तुझी,
जुनी मैत्रीण