साहेब, शाल राहू द्या, खडी टाका

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय

विषय : आपल्या हस्ते होणाऱ्या माझ्या सत्काराबाबत

सविनय नमस्कार.

आपल्या कार्यालयाचं निमंत्रण पोचलं. वैयक्तिक दुःखावर मात करून समाजाला प्रेरणा देणाऱ्या काही जणांचा आपल्या हस्ते सत्कार होणार आहे आणि त्या यादीत माझं नाव आहे. घरातल्यांना आनंद झाला. मलाही झाला, खोटं कशाला बोलू. पाकिटावर नावाआधी 'सौ.' छापलं होतं. ज्या दुःखावर मी मात केली म्हणून हा सत्कार, ते दुःख नेमकं कोणतं हे पाकीट करणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. तेही मी सोडून दिलं.

मग परवा फोन आला. बोलणारा मुलगा अतिशय नम्र होता. त्याला माझी संघर्षगाथा हवी होती, दोनशे शब्दांत. "शेवट सकारात्मक ठेवा मॅडम." मी विचारलं, सुरुवात कशी ठेवू? तो जरा घुटमळला. म्हणाला, "अपघात एवढंच लिहा. खड्ड्याचा उल्लेख टाळला तर बरं, साहेब स्वतः व्यासपीठावर असतील."

म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. दोनशे शब्दांत बसणार नाही, क्षमा असावी.

आम्ही दोघं दुचाकीवरून नातेवाइकांकडून परत येत होतो. रात्र होती, पाऊस नुकताच थांबला होता. पाण्याने भरलेला खड्डा रस्त्यासारखाच दिसतो, हे आपल्या गाडीच्या मागच्या सीटवरून कळत नाही. माझे पती चालवत होते. हेल्मेट होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण आजही माणसं सांत्वनाच्या आधी तेच विचारतात. ते जागीच गेले. माझ्या मांडीच्या हाडात रॉड आहे, थंडीत तो माझ्या आधी जागा होतो.

पंचनाम्यात काय लिहिलं गेलं माहीत आहे? 'वाहनावरील ताबा सुटल्याने.' रस्त्याचं वर्णन 'डांबरी, दुपदरी'. खड्डा नाही. गुन्हा नोंदला गेला तो माझ्या नवऱ्यावर : हयगयीने वाहन चालवून स्वतःच्या मृत्यूस आणि पत्नीच्या गंभीर दुखापतीस कारणीभूत. मयत हाच आरोपी. मी त्या कागदावर फिर्यादीच्या बाजूची साक्षीदार आहे.

आणि आपण आला होतात, आठवतंय का? सांत्वनभेटीला. तेव्हा आपल्याकडे दुसरं खातं होतं, पण जिल्हा आपलाच. ताफा येणार म्हणून आदल्या रात्री त्या खड्ड्यात मुरूम ओतला गेला. आपण माझ्या सासूबाईंचे हात हातात घेऊन कॅमेऱ्यासमोर म्हणालात, पावसाळा संपू द्या, रस्ता नवा करून देतो, माझा शब्द आहे. पावसाळा संपला. त्यानंतरचेही संपले. मुरूम तर पहिल्याच सरीत वाहून गेला होता. आता तेच रस्त्यांचं खातं आपल्याकडे आहे आणि मी मात केल्याबद्दल सत्कार आहे. कशावर मात केली मी, साहेब? खड्डा आहे तिथेच आहे. थोडा रुंदावला आहे.

मी काय 'कार्य' करते ते सांगते, म्हणजे निवेदकाला अडचण नको. मी पतसंस्थेत लेखनिक होते, कागद वाचायची सवय होती. नवऱ्याच्या वेळी जे कागद मला कुणी समजावले नाहीत, ते मी आता इतरांना समजावते. घरात माणूस गेलेला असतो, बाई भिंतीला टेकून बसलेली असते, आणि तिला पहिल्या आठवड्यातच एफआयआरची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, लायसन्स, विम्याचा कागद गोळा करायचा असतो. दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येतं. धडक देऊन वाहन पळून गेलं असेल तर 2022 पासून मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार मिळतात; त्याआधी ते 25 हजार आणि साडेबारा हजार होते. पण खड्ड्याने मारलं तर? खड्ड्याला नंबरप्लेट नसते. पंचनाम्यात 'ताबा सुटला' असं आलं की मेलेला माणूसच दोषी, आणि दोषीच्या बायकोने कुणाकडे मागायचं? वाहनाच्या विम्यासोबत मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात संरक्षण घेतलेलं असेल आणि लायसन्सची मुदत टळलेली नसेल, तर नशीब. मी पहिल्यांदा हेच दोन कागद बघते. रडायला वेळ मग देते.

याला तुम्ही प्रेरणा म्हणता. मी याला तुमच्या खिडकीवरचं काम म्हणते, जे मी बिनपगारी करते आहे.

बघा, 'आपण'चं 'तुम्ही' झालं. होऊ दे.

तुमच्या त्या मुलाने मला बाकीच्या सत्कारमूर्तींची यादीही पाठवली. सगळी सोन्यासारखी माणसं आहेत. कुणी आपल्या आजारी मुलाच्या आठवणीत रुग्णांना फुकट रिक्षातून नेतो, कुणी वस्तीत शाळा चालवते, कुणी आईच्या नावाने झाडं लावतो. मी यादी पुन्हा वाचली. त्यात फावडं घेतलेली माणसं आहेत. कोर्टात गेलेलं एकही नाही.

तुम्हाला नेहमी फावडं घेणारेच आवडत आले आहेत. दशरथ मांझींचं घ्या. बिहारमधलं गहलौर. बायकोला वेळेवर उपचार मिळाले नाहीत, ती गेली, आणि हा भूमिहीन मजूर 1960 साली छिन्नी-हातोडा घेऊन डोंगराला भिडला. 22 वर्षं. वाट झाली तेव्हा अत्री आणि वजीरगंज यांच्यातलं 55 किलोमीटरचं अंतर 15 वर आलं. 2007 साली ते गेले, सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले, नंतर टपाल तिकीटही निघालं. त्या माणसापुढे मी काय, कुणीही वाकावं. पण त्या 22 वर्षांत सरकारकडे सुरुंगाची दारू नव्हती का? अभियंते नव्हते? एक माणूस एकट्याने डोंगर फोडत होता तेव्हा बाकीचं राज्य काय करत होतं, हा प्रश्न त्या तिकिटावर मावला नाही.

आपल्याकडे सिंधुताई. पोटुशी असताना घराबाहेर काढलेली वर्ध्याकडची बाई हजारावर लेकरांची माय झाली, गावोगाव भाषणं करून, पदर पसरून. 2021 साली पद्मश्री, 2022 च्या जानेवारीत निधन, शासकीय इतमाम. ज्या लेकराला कुणी नाही त्याचा सांभाळ करणं हे शासनाचं काम आहे असं मी शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. पुस्तक जुनं असेल.

आणि दादाराव बिल्होरे. मुंबईतला भाजी विकणारा बाप. 2015 च्या जुलैत जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्याने त्यांचा सोळा वर्षांचा प्रकाश नेला. तेव्हापासून हा माणूस पेव्हर ब्लॉकचे तुकडे, खडी, माती गोळा करून स्वतःच्या हातांनी खड्डे बुजवत आला आहे, शेकड्यांनी. लोक त्यांना 'पॉटहोल दादा' म्हणतात. मी त्यांच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कौतुक वाटलं नाही हो, लाज वाटली. ज्याचा मुलगा खड्ड्याने खाल्ला त्यानेच खड्डा भरायचा, आणि ज्यांनी भरायचा त्यांनी टाळ्या वाजवायच्या?

आता दुसरी माणसं बघा, ज्यांना शाल घालताना तुमचे हात जरा जड होतील. दिल्लीत 13 जून 1997 ला उपहार चित्रपटगृहाला आग लागून 59 माणसं गेली. त्यात नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांची दोन्ही मुलं होती, उन्नती आणि उज्ज्वल. त्यांनी मुलांच्या नावाने पाणपोई घातली नाही. पीडित कुटुंबांची संघटना बांधली आणि दोन दशकांहून जास्त काळ कोर्टाची पायरी सोडली नाही. लक्ष्मी अगरवाल ही मुलगी, 2005 साली चेहऱ्यावर ॲसिड फेकलं गेलं, पुढच्याच वर्षी याचिका. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड विक्रीवर निर्बंध घातले आणि किमान 3 लाखांची भरपाई ठरवून दिली. पीयूष तिवारी : 2007 साली नात्यातला शाळकरी भाऊ अपघातानंतर रस्त्यावर पडून राहिला, पोलिसी लचांड नको म्हणून कुणी हात लावला नाही. त्यांनी संस्था काढली, सर्वोच्च न्यायालयात गेले. 2016 साली मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं, 2019 साली ते मोटार वाहन कायद्यात आलं. आज रस्त्यावर पडलेल्या माणसाला उचलताना तुम्हाआम्हाला जी भीती वाटायला नको, ती या माणसाने कमी केली. दुःखाचं सोनं करणं म्हणजे हेच असेल तर त्यांनीही केलंच की. फरक इतकाच, यांनी तुमचं काम केलं नाही. यांनी तुम्हाला तुमचं काम करायला लावलं.

आकडे हवेत? केंद्राचाच अहवाल आहे. 2023 साली देशात रस्त्यांवर 1,72,890 माणसं मेली. म्हणजे दर तीन मिनिटांना एक. तुमचं अध्यक्षीय भाषण होईतो किती होतात ते तुम्हीच काढा. त्यांतली खड्ड्यांमुळे म्हणून नोंदलेली 2,161. आदल्या वर्षी 1,856. हा आकडा मला मान्य नाही, कारण माझा नवरा त्यात नाही. तो 'ताबा सुटलेल्यां'मध्ये आहे. पंचनामा लिहिणाऱ्याच्या एका ओळीवर खड्डेबळी ठरतात, तेव्हा खरा आकडा दुप्पट आहे की दहापट, कोण सांगणार? तुमचं खातं सांगणार नाही.

आणि कायदा बघा. लायसन्सशिवाय गाडी चालवली तर दंड 5,000. रस्ता मानकांप्रमाणे बांधला नाही, राखला नाही आणि त्यामुळे माणूस मेला, तर ठेकेदाराला किंवा संबंधित यंत्रणेला दंड जास्तीत जास्त 1 लाख. मोटार वाहन कायदा, कलम 198-अ. जास्तीत जास्त! आमच्या रस्त्याच्या उद्घाटनाला मांडवावर याहून जास्त खर्च झाला असेल, पैजेवर सांगते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितलं की खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख द्या. मी तो निकाल घेऊन तालुक्याच्या कार्यालयात गेले. समोरच्या साहेबांनी तो चाळला, म्हणाले, हा मुंबईकडचा दिसतोय. मग नेहमीचंच : हा रस्ता आमच्या हद्दीत नाही, तो पलीकडच्यांचा. पलीकडचे म्हणाले अलीकडच्यांचा. मरायला हद्द विचारावी लागते, हे त्या रात्री आम्हाला माहीत नव्हतं.

हे फक्त रस्त्याचं नाही, म्हणूनच एवढं लिहिते आहे. तुम्ही सगळा कारभारच प्रेरणेवर टाकला आहे. मुलं गुडघाभर पाण्यातून शाळेत गेली की जिद्दी, फोटो काढा; पूल कुठे गेला विचारू नका. शेतकऱ्याने गळफास घेतला की वर्षभरात त्याची बायको 'रणरागिणी', ट्रॅक्टरवर बसलेली. कर्ज कसं झालं ते जाऊ द्या. पाय नसलेला मुलगा हातावर जिने चढून परीक्षेला गेला की बातमी. रॅम्प का नव्हता ही बातमी नाही. जिथे जिथे यंत्रणा कमी पडते तिथे तिथे एक प्रेरणादायी माणूस उभा करायचा आणि त्याच्याआड उभं राहायचं. शिवाय जे उभे राहू शकले नाहीत त्यांचं काय? माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी बहुतेक जणी काहीही 'कार्य' करत नाहीत. त्या मुलं वाढवतात, उधारी फेडतात, रात्री दचकून उठतात. त्यांनी प्रेरणा दिली नाही म्हणून त्यांचा रस्ता दुरुस्त व्हायचा नाही का?

मागण्या फार नाहीत. एक, त्या पट्ट्याचं काम, आणि ते मुरमाने नव्हे. दोन, जिथे माणूस मेला तिथल्या पंचनाम्यात रस्त्याची अवस्था, खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली आणि फोटो सक्तीचे करा. त्यासाठी गृहखात्याला एक पत्र लिहावं लागेल, तेवढं प्रेरणेशिवायही जमेल. भरपाईच्या निकालाची अंमलबजावणी आपल्या जिल्ह्यात कोण करतं, त्याचं नाव आणि बसायची जागा जाहीर करा. सत्कार मी घेणार नाही. त्या जागी दुसरं कुणी बसवू नका, खुर्ची रिकामी ठेवा.

राहिलं शेवटचं. त्या रस्त्याचा दोषदायित्व कालावधी अपघाताच्या रात्री संपलेला नव्हता, म्हणजे दुरुस्ती ठेकेदाराने पदरच्या पैशाने करायची होती. माहिती अधिकारात मी त्याच्या बिलाची प्रत मागितली. 'शोध घेऊनही आढळून येत नाही' असं उत्तर आहे. नाव मात्र मला कागदांशिवायही सापडलं. सत्कार समारंभाच्या स्वागताचा जो मोठा फलक चौकात लागलाय, त्यावर तुमच्या फोटोखाली शुभेच्छुक म्हणून तेच नाव आहे. बिल त्याच्याकडे असेल. मागून घ्या आणि एक प्रत मला पाठवा.

आपली,
यादीतली एक सत्कारमूर्ती