मिकोवरचं भांडण रिकामटेकडं नव्हतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवर भागाभागाने येणाऱ्या चित्रकथा, आणि त्यांच्या चाहत्यांवरचा लेख वाचला. कथेत नवं पात्र आलं की चाहत्यांत तट पडतात, वर्षानुवर्षं वाद चालतात आणि हा सगळा रिकामटेकडेपणा आहे, असा त्या लेखाचा सूर होता. तो मला अजिबात पटला नाही. अशा वादांपैकी एक फार गाजलेला वाद मी मनापासून वाचला आहे, म्हणून हे पत्र.

रिच बर्ल्यू या अमेरिकन लेखक-चित्रकाराचं ‘ऑर्डर ऑफ द स्टिक’ २००३ मध्ये सुरू झालं. वाटोळी डोकी आणि काड्यांसारखे हातपाय. पहिल्यांदा बघणाऱ्याला पोरखेळ वाटावा अशी चित्रं. आज त्याचे तेराशेच्या वर भाग झाले आहेत आणि ते कोणालाही फुकट वाचता येतं. २०१२ मध्ये जुन्या भागांची पुस्तकं पुन्हा छापायला बर्ल्यूंनी वाचकांकडे ५७,७५० डॉलर मागितले, तेव्हा साडेबारा लाख डॉलरांहून जास्त रक्कम जमली. फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी लोक खिशात हात घालतात, ते तिच्यात जीव गुंतलेला असतो म्हणून.

ही गोष्ट ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या, खेळाडूंनी काल्पनिक साहसवीरांच्या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या जगात घडते. रॉय ग्रीनहिल्ट हा सहा साहसवीरांच्या टोळीचा म्होरक्या. टोळीत बेल्कार नावाचा एक बुटका आहे. तो हसतहसत माणसं मारतो आणि तरीही वाचकांचा लाडका आहे. सुमारे दोनशेव्या भागात या टोळीला पकडून न्यायला मिको मियाझाकी येते. ती पॅलाडिन आहे, म्हणजे देवांशी बांधलेली धर्मयोद्धा. खेळाच्या तेव्हाच्या नियमांप्रमाणे पॅलाडिनने सज्जन तर असायचंच, शिवाय कायद्याला धरूनही चालायचं. जाणूनबुजून एक दुष्कृत्य केलं तरी देवांनी दिलेली शक्ती जाते.

मिको कर्तबगार आहे, शूर आहे, खोटं बोलत नाही. आणि ती असह्य आहे. आपल्या मनाला वाटतं तोच देवांचा कौल, याबद्दल तिला तिळमात्र शंका नाही. रॉय आधी तिच्यावर भाळतो. मग काही दिवसांच्या प्रवासानंतर तोच तिला तोंडावर सुनावतो, की बिल्ल्याआड लपून लोकांना तुच्छ लेखणारी तू एक दांडगट बाई आहेस. वाद पेटला तो इथून.

एका बाजूचं म्हणणं असं, की हे पात्र काढून टाका, ही आली की कथेची मजा जाते. दुसऱ्या बाजूचा मुद्दा मात्र सहज झटकून टाकण्यासारखा नव्हता. तिने टोळीवर ठेवलेले आरोप निराधार होते का? डोरुकन या जादूगाराचा किल्ला टोळीतल्याच एलानने उडवला होता. बेल्कार तर सरळसरळ खुनी. तो विनोदी आहे म्हणून त्याला सगळं माफ, आणि ही करारी आहे म्हणून हिच्यावर राग? हाच ताठा एखाद्या पुरुष पात्रात असता तर आपण त्याला शिस्तप्रिय म्हटलं असतं ना, असंही काहींनी विचारलं. हा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो. आपल्याकडे कर्णावरून जी भांडणं होतात, त्यांत कोणी रिकामटेकडेपणा पाहत नाही. कोणाच्या कोणत्या गुणासाठी आपण कोणता दोष पोटात घालतो, हीच त्यांतली खरी गोम असते. मिकोच्या वादातही तीच होती.

मग चारशेव्या भागानंतर तो प्रसंग आला. मिकोचे धनी लॉर्ड शोजो वेड्या म्हाताऱ्याचं सोंग घेऊन मांजर मांडीवर घेऊन बसायचे. दरबारी डावपेचांतून वाचायचा तो त्यांचा मार्ग. रॉयशी चाललेलं त्यांचं गुप्त बोलणं मिकोच्या कानावर पडतं. शोजोंनी फसवलं आहे, एवढं तिला बरोबर कळतं. पण त्यावरून ती थेट निष्कर्ष काढते, की हे सगळे कथेतल्या खलनायकाला सामील आहेत. चौकशी नाही, खटला नाही. निःशस्त्र म्हाताऱ्यावर तलवारीचा एक वार, आणि त्याच क्षणी देव तिची शक्ती काढून घेतात. शोजोंचा पुतण्या हिंजो हाही पॅलाडिनच. मामला न्यायासनापुढे नेऊ, असं तो तिला सांगतो, तर ती त्याच्यावरही तलवार उपसते.

यानंतर चाहत्यांच्या अपेक्षा दोन टोकांना गेल्या. एका गटाला तिला शिक्षा झालेली पाहायची होती, तर दुसऱ्याला तिचा उद्धार. बर्ल्यूंनी यांतलं काहीच मनासारखं दिलं नाही. शोजोंच्या शहरावर त्याच खलनायकाचा हल्ला होतो, मिको तुरुंगातून सुटते, सिंहासनाच्या दालनात पोचते. तिथे जुन्या पॅलाडिनांचे आत्मे शत्रूला जवळजवळ नेस्तनाबूत करत आलेले असतात. नेमकी त्याच वेळी ती सिंहासनातला नीलमणी फोडते, ज्याचं रक्षण करणं हेच तिच्या पथकाचं काम, कारण यासाठीच देवांनी आपल्याला वाचवलं असं तिने ठरवून टाकलेलं असतं. हाताशी आलेला विजय जातो आणि स्फोटात तिचे दोन तुकडे होतात. ती मरत असताना तिच्या पॅलाडिन पथकाचे संस्थापक सून किम यांचा आत्मा तिच्याशी बोलतो. उद्धार फार दुर्मीळ असतो, तो सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, हे तो तिला न दुखावता पण स्पष्ट सांगतो. त्यावर ती एवढंच विचारते, की माझा घोडा मला पुन्हा भेटेल का? जमेल तितक्या वेळा येत जाईल, असं तो म्हणतो.

इतकी वर्षं जिचा राग केला, तिच्यासाठी त्या पानावर घशात आवंढा येतो. तिला माफ न करता. हे लेखकाला साधलं, कारण तिला आवडती करण्याच्या भानगडीत तो पडला नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर तिला उद्धार मिळाला नाही हेच योग्य झालं. तिने खून केला म्हणून नव्हे. आपण चुकलो असू, ही शक्यताच तिने एकदाही मनात येऊ दिली नाही म्हणून. बर्ल्यूंना पॅलाडिनांचाच आकस आहे, असंही काही जण म्हणत. त्यांनी त्याच कथेतला ओ-चुल पाहावा. तोही पॅलाडिन, मिकोच्याच पथकातला. शत्रूच्या कैदेत महिनोन्‌महिने छळ सोसतो आणि तिथल्याच एका राक्षसाशी मैत्री करतो. नियम दोघांनाही तेच होते.

लेखात चाहत्यांच्या शिवीगाळीचा उल्लेख आहे, तो खरा आहे. पात्राचा राग लेखकावर किंवा नटीवर काढणं वाईटच, आणि आपल्याकडच्या मालिकांच्या प्रेक्षकांतही ते दिसतं. पण काही जण शिव्या देतात म्हणून वादालाच फालतू ठरवणं हा न्याय नव्हे. मिकोवर भांडणारे लोक सज्जनपणा आणि कायदा कुठे एकत्र चालतात, कुठे त्यांची फारकत होते, हे दाखले देऊन, जुने भाग उकरून एकमेकांना समजावत होते.

आपल्या पुरवणीत कादंबऱ्यांची, नाटकांची, वेबमालिकांची परीक्षणं येतात. वीस वर्षांहून अधिक काळ चाललेल्या वेबकॉमिकचंही एखादं येऊ द्या, आणि ते सगळे भाग वाचलेल्या माणसाकडून लिहून घ्या.

आपला,
एक नियमित वाचक,
डोंबिवली