लॉक फाइल गिटमध्ये ठेवायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्यांना एक विनंती करायची आहे, म्हणून हे पत्र. गेली १४ वर्षे मी सॉफ्टवेअर लिहिते. टीममध्ये नव्याने येणाऱ्या मुलांना लूप, फंक्शन, क्लास सगळे येते; लॉक फाइल (प्रकल्पात वापरलेल्या प्रत्येक पॅकेजची, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडची, नेमकी आवृत्ती नोंदवणारी फाइल) कशासाठी असते, असे विचारले की ती गप्प होतात. आपोआप तयार होते म्हणून कित्येकांनी ती गिटइग्नोअरमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, टाकलेली असते.

आमच्या टीमनेही हेच केले होते. दर मर्जला, म्हणजे वेगवेगळ्यांचे बदल एकत्र करताना, त्या फाइलमध्ये कॉन्फ्लिक्ट यायचा (ते बदल एकमेकांशी जुळायचे नाहीत), म्हणून कंटाळून काढून टाकली. पुढे एका बुधवारी पानावरचा एक शब्द सुधारून नवे बिल्ड (चालवायला तयार आवृत्ती) सर्व्हरवर चढवले आणि बिलांवरच्या तारखा एक दिवस मागे गेल्या. तारखांच्या कोडला कुणी हातही लावला नव्हता. रात्रभर आम्ही स्वतःच्याच कोडमध्ये चूक शोधत बसलो. एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर मात्र सगळे बरोबर चालत होते, कारण तिने कित्येक आठवडे पॅकेज नव्याने इन्स्टॉल केलेच नव्हते. दोघींचे नोड मॉड्यूल्सचे फोल्डर (इन्स्टॉल केलेली पॅकेज यातच असतात) ताडून पाहिले, तेव्हा कुठे सापडले: आम्ही नावही न ऐकलेले, पॅकेजच्या पॅकेजने ओढून आणलेले एक छोटे पॅकेज पुढच्या आवृत्तीवर गेले होते.

एनपीएम, म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेज इन्स्टॉल करणारे साधन, प्रकल्पाच्या पॅकेजांच्या यादीत आवृत्तीआधी कॅरेटचे (^) चिन्ह लावते. १.४.० आधी कॅरेट असेल, तर २.०.० च्या आधीची कुठलीही नवी आवृत्ती चालते. पहिला आकडा बदलल्याशिवाय जुने काही मोडणार नाही, हे त्यामागचे गृहीत. पण ते पाळले की नाही, हे एनपीएम तपासत नाही. सगळी भिस्त पॅकेज लिहिणाऱ्यावर. जानेवारी २०२२ मध्ये ‘कलर्स’ या पॅकेजच्या कर्त्यानेच १.४.१ मध्ये कधी न संपणारे लूप घातले. बदलला होता फक्त शेवटचा आकडा! लॉक फाइलमध्ये १.४.० असलेल्या आणि तिच्यावरूनच इन्स्टॉल करणाऱ्या प्रकल्पांपर्यंत ते पोचले नाही.

आपल्या यादीतले कॅरेट काढूनही भागत नाही, कारण खालच्या पॅकेजांचे कॅरेट आपल्या हातात नसतात. लॉक फाइलमध्ये अगदी तळापर्यंतच्या प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती असते, हॅशसकट (पॅकेजमधले काही बदलले की बदलणारा ठसा). सर्व्हरवर मात्र लॉक फाइलवरूनच इन्स्टॉल करणारे ‘एनपीएम सीआय’च वापरावे. यादी आणि लॉक फाइल जुळली नाही तर ते तिथेच थांबते; ‘एनपीएम इन्स्टॉल’ लॉक फाइल बदलून पुढे जाते.

असे गोठवून ठेवले तर सुरक्षेच्या दुरुस्त्या राहून जातील, ही शंका रास्त आहे. आम्ही आता दर सोमवारी अपडेट करतो, वेगळ्या कमिटमध्ये (गिटमधल्या बदलाच्या स्वतंत्र नोंदीत), टेस्ट चालवून. काही बिघडलेच तर कशाने, ते लगेच कळते.

शिक्षकांनी यासाठी एकच तास द्यावा. वर्षभरापूर्वीचा एखादा प्रोजेक्ट मुलांना लॉक फाइलसह आणि लॉक फाइलशिवाय इन्स्टॉल करायला लावावा आणि दोन्हीकडच्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून त्यांच्याकडूनच वाचून घ्याव्यात.

कळावे,
एक सॉफ्टवेअर अभियंता